फॉर्म फॅक्टरवर पीएचडी: त्रिएस्ते की लंडन?

तुझा प्रश्न असा की पुण्यात एमएस्सी संपत आलीय, टीटी-बार डिफॉर्मेशन (ऊर्जा-संवेग टेन्सरच्या घटकांपासून बनलेल्या टीटी-बार ऑपरेटरने सिद्धान्तात केलेला बदल) केलेल्या इंटिग्रेबल, म्हणजे नेमके सोडवता येणाऱ्या, क्वांटम क्षेत्र सिद्धान्तांच्या फॉर्म फॅक्टरवर (कणांच्या अवस्थांमधल्या ऑपरेटरच्या मॅट्रिक्स-घटकांवर) पीएचडी करायची आहे, तर इकडे इटलीत त्रिएस्तेला सिस्सा या संशोधनसंस्थेत यावं की लंडन गाठावं, आणि निघण्याआधी काय शिकून घ्यावं.

नुसता विषय बघितलास तर लंडन उजवं. २०२३ मध्ये कास्त्रो-अल्वारेदो, नेग्रो आणि सैलिस यांनी या फॉर्म फॅक्टरची पद्धतशीर मांडणी केली, ती बरीचशी तिथल्या सिटी विद्यापीठातून. पण पैशाचं बघ. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधननिधी संस्थेच्या पैशावरच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच. सिस्सात प्रवेशपरीक्षा पास झालास की फेलोशिप मिळते, मग पासपोर्ट कुठलाही असो. घरून पैसे येणार नसतील तर मी त्रिएस्तेच म्हणेन. शिवाय सगळं इंग्रजीत चालतं, आणि बूटस्ट्रॅपची, म्हणजे सममिती आणि सुसंगतीच्या अटींवरूनच नेमकी उत्तरं काढण्याची, परंपरा इथे जुनी आहे.

तयारी म्हणून जाडजूड पुस्तकं संपवत बसू नकोस. एकच हिशेब हाताने कर. आयसिंग मॉडेलचं एस-मॅट्रिक्स, म्हणजे दोन कणांच्या टकरीचा गुणक, उणे एक. त्याला सीडीडी गुणक (एस-मॅट्रिक्सच्या अटी न मोडता लावता येणारा गुणक) लाव: ई चा घात, उणे आय अल्फा साइनएच थीटा; थीटा म्हणजे दोन कणांच्या रॅपिडिटींमधला (वेगाच्या मापांमधला) फरक, अल्फा म्हणजे डिफॉर्मेशनची ताकद. आता वॉटसनची समीकरणं, म्हणजे फॉर्म फॅक्टरला एस-मॅट्रिक्सशी बांधणाऱ्या अटी, सोडव. मिनिमल फॉर्म फॅक्टरमध्ये (या समीकरणांच्या सगळ्यात साध्या उत्तरात) जास्तीचा तुकडा येतो, त्याचा घातांक म्हणजे अल्फा भागिले दोन पाय, गुणिले (थीटा उणे आय पाय), गुणिले साइनएच थीटा. मोठ्या थीटाला हा थीटा साइनएच थीटासारखा वाढतो. कोरिलेटरच्या (दोन बिंदूंवरच्या ऑपरेटरमधल्या संबंधाच्या) फॉर्म फॅक्टरांनी बनलेल्या मालिकेत अंतरामुळे येणारी घट मात्र कॉशएच थीटाचीच. म्हणजे अल्फा धन असेल तर कितीही दूर गेलास तरी मालिका फुटते. ऋण असेल तर झपाट्याने जुळते. शिवाय ई चा घात बीटा कॉशएच थीटा असा कुठलाही गुणक लावला तरी समीकरणं खूशच, मग बीटा कोण ठरवणार? खरं संशोधन इथून सुरू होतं, आणि मुलाखतीत यावर दहा मिनिटं बोलता आलं तर गुणपत्रिका कुणी फार उलटून बघत नाही, असं माझं मत.

टीटी-बारवरचा झामोलोदचिकोव्हचा २००४ चा लेख आणि त्यांचा स्मिर्नोव्हबरोबरचा २०१६ चा, एवढे मात्र वाच.

बाकी व्यवहार. दीर्घ मुदतीचा डी व्हिसा घेऊन आलास की आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून 'किट' घेऊन राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेर्मेसोचा अर्ज टाकावा लागतो. १६ युरोचं मुद्रांक-तिकीट आधीच घेऊन ठेव. बोटांचे ठसे द्यायला पुढे पोलीस कचेरीत बोलावतात, त्यात महिने जातात, तोवर पोस्टाची पावती जिवापाड जप. थंडीत बोरा नावाचा वारा सुटतो. छत्री आणूच नकोस, उलटी होते.

पदवी आणि जन्मदाखल्याचं अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) भारतातूनच करून आण, इथे आल्यावर ते होत नाही.