सही डोंगराच्या धोक्याला होती, चराला नव्हती

प्रश्न : आम्ही जालन्याचे. माझा धाकटा भाऊ (वय 26) गेल्या महिन्यात म्हैसमाळच्या बाजूला एका ग्रुपबरोबर माउंटन बाइकिंगला गेला. फी 1,200 रुपये. सायकल आणि हेल्मेट त्यांचंच. उतारावर पायवाटेला आडवा चर खणलेला होता. खूण नाही, सांगायला माणूस नाही. भाऊ सायकलसकट चरात पडला. कॉलर बोन आणि मनगट मोडलं, प्लेट टाकली. तो प्लंबिंगची कामं करतो. अजून दोन महिने तरी हात चालणार नाही. आयोजक म्हणतात, ‘फॉर्मवर सही आहे, जबाबदारी तुमची.’ आता 15,000 रुपये देऊन ‘यापुढे कसलीही तक्रार नाही’ असं लिहून मागतात. घरचे म्हणतात, हौसेनं गेला होता, घ्या आणि विषय संपवा. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या कागदावर भावाची सही होऊ देऊ नका. पैसे नाकारा असं मी म्हणत नाही. उपचारासाठी देत असतील तर ‘उपचारखर्चापोटी अंशतः मिळाले, उर्वरित हक्क राखून’ एवढीच पावती द्या. पण एकदा ‘तक्रार नाही’ लिहून दिलं की पुढची लढाई फार अवघड होते.

आता पहिल्या सहीबद्दल. डोंगरात सायकल चालवणारा काही धोके मान्य करूनच निघतो. मुरमावर मागचं चाक सरकतं, वळणाचा अंदाज चुकतो, दगडावर आपटून माणूस पडतो. अशा पडण्याबद्दल भरपाई मागायला कुणी आलं तर मी स्वतः ‘नको’ म्हणून परत पाठवीन. तुमच्या भावाचं प्रकरण तसं नाही. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर समतल चर खणतात हे मराठवाड्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. पैसे घेऊन अनोळखी माणसांना त्या वाटेवर नेणाऱ्यानं आदल्या दिवशी वाट फिरून पाहायलाच हवी होती. चुना टाकायचा, चराआधी माणूस उभा करायचा, ‘इथे उतरून चाला’ म्हणायचं. धोका पत्करला असं कायद्यात म्हणायचं तर तो नेमका धोका त्या माणसाला माहीत असावा लागतो. जो चर त्याला कुणी सांगितलाच नाही, तो त्यानं पत्करला कसा?

छापील फॉर्मवर सही घेतली म्हणून स्वतःचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. 2019 मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, बदल करण्याची मुभाच नसलेल्या एकतर्फी करारावर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्याय नव्हता, हे दिसलं तर त्या अटी त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. तो वाद फ्लॅटचा होता, सायकलचा नव्हे, आणि समोरचा वकील हे सांगणारच. तरी युक्तिवाद लागू पडतो असं माझं मत आहे.

दाद कुठे मागायची? मोटार अपघात न्यायाधिकरणाचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सायकल हे मोटार वाहन नाही. तुमचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निष्काळजीपणा हा ‘सेवेतील त्रुटी’त मोडतो आणि तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे जालन्यातच. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम (मागितलेली भरपाई नव्हे) 5 लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. फक्त 1,200 रुपये दिल्याचा पुरावा, यूपीआयची नोंद, जपून ठेवा. फुकटची मित्रमंडळींची राइड असती तर ग्राहक कायदा लागलाच नसता. आयोजक ती फी ‘सभासद वर्गणी’ होती म्हणतील. सायकलचं भाडं त्यातच होतं हे तुमचं उत्तर.

पोलिसांत जावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचार मनात येईल. हाड मोडणं ही कायद्यानं ‘गंभीर दुखापत’ आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली निष्काळजीपणानं ती घडवणं गुन्हा आहे. मात्र फौजदारीत निष्काळजीपणा बराच मोठा दाखवावा लागतो. पैसे काढण्यासाठी दबाव म्हणून तक्रार करू नका.

भावाला एकांतात विचारा आणि खरं काढून घ्या : ब्रीफिंगमध्ये चराचा उल्लेख झाला होता का? पुढच्यानं ‘हळू’ म्हणून ओरडलं होतं का? वेग किती होता? मोबाइलवर राइड नोंदली असेल तर वेग त्यात दिसेलच, आणि तो समोरच्यालाही मिळू शकतो. त्याची चूक निघाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होईल, पण केस त्यामुळे संपत नाही. हेल्मेटचा वाद घातला तर त्यात अडकू नका. मोडलं ते मनगट.

घरच्यांना सांगा, हौसेनं गेला म्हणून त्याचा हात फुकटचा होत नाही. प्लंबरचा हात हेच त्याचं दुकान. दोन महिन्यांची बुडालेली कामं, ज्यांनी बोलावलं होतं त्यांची नावं, मागच्या सहा महिन्यांतली खात्यावरची जमा, हे सगळं आजपासून वहीत लिहा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं मूळ प्रतीत ठेवा. सायकलच्या ब्रेकचे फोटो कुणी त्याच दिवशी काढले असतील तर मागून घ्या. दुरुस्त झालेली सायकल काही बोलत नाही.

आणि चर. तो कधी खणला हा या प्रकरणाचा कणा आहे. जमीन वनखात्याची, गायरान की खासगी हे सातबाऱ्यावरून कळेल. मग ज्या खात्यानं काम केलं, त्याच्याकडे माहिती अधिकारात कामाचा आदेश आणि मोजमापाच्या नोंदी मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खणणाऱ्या खात्यावर खटला नको, त्यांनी पाण्यासाठी खणला. राइडच्या आधी चर तिथे होता एवढं त्या कागदानं सिद्ध झालं तरी पुरे.

तोवर राइडमधला एखादा सोबती बरोबर घेऊन जागेवर जा. टेप लावून रुंदी-खोली मोजा, वरून येणाऱ्याला तो किती अंतरावरून दिसतो याचा सायकलच्या उंचीवरून व्हिडिओ काढा. एका पावसात चराच्या कडा ढासळतात, म्हणून या रविवारीच जा.