तांब्याचं नाणं घासण्याआधी हे वाचा

दर्यापूरकडच्या भाऊंनी विचारलंय की आजीच्या पेटीत आणि वावरात मिळालेली तांब्याची नाणी चिंचेने धुवून विकावी का, आणि भाव किती येईल. फोटोत १८३५ चे दोन पाव आणे आहेत, एक चॉकलेटी आणि एक पोपटी ठिपक्यांचा. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा १८६२ चा पाव आणा कुणीतरी घासून लख्ख केलेला आहे. चौथी आहे डवरणीत (पिकातल्या कोळपणीत) वर आलेली शिवराई, म्हणजे छत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं. सराफ तांब्याच्या वजनाने घ्यायला तयार आहे, आणि मित्र लाखाच्या गोष्टी करतोय.

भाऊ, आधी एवढंच करा, चिंच बाजूला ठेवा. तो चॉकलेटी थर घाण नाही. तांब्याचा हवेशी संबंध येऊन वर्षानुवर्षांनी तो धरलेला असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. एकसारखा, गुळगुळीत तपकिरी रंग असलेलं नाणं जाणकार माणूस जास्त पैसे देऊन घेतो. तुमच्या चारांत मला सगळ्यात आवडलेलं नाणं तेच आहे, राणीचं चकचकीत नाही. राणीच्या नाण्याचा फोटो मोठा करून बघा. सगळीकडे एकच गुलाबी झाक, एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा, आणि अक्षरांच्या कडेला अडकलेला काळा मळ. घासलेलं नाणं असं ओळखू येतं. तशाच झिजेच्या न घासलेल्या नाण्याच्या निम्म्याहून कमी पैसे मी त्याला देईन, आणि तो रंग परत आणता येत नाही.

स्थिती ठरवताना रंग विसरून उठाव, म्हणजे छापाचा वर आलेला भाग, बघायचा. सकाळी खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. १८३५ च्या पाव आण्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आहे, दोन्ही बाजूंना झेंडे धरलेले सिंह. सिंहांची आयाळ आणि झेंड्यांवरचे क्रूस आधी झिजतात. आयाळीचे केस सुटे दिसत असतील तर नाणं चांगलं, नुसता सिंहाचा आकार उरला असेल तर साधारण. राणीच्या नाण्यावर मुकुटाची नक्षी, कानावरचे केस आणि वस्त्रावरचं काम बघायचं. एक फरक मात्र लक्षात ठेवा. झीज दोन्ही बाजूंच्या सगळ्यात उंच भागांवर असते आणि तो भाग गुळगुळीत होतो. ठोसा कमी बसल्यामुळे सपाट राहिलेली जागा एखाद्याच ठिकाणी असते आणि तिथे तांबं खरबरीत दिसतं. त्यामुळे भाव थोडा उतरतो, पण झिजेइतका नाही.

सोबत वजनही करून घ्या. १८३५ चा पाव आणा सुमारे ६.४७ ग्रॅमचा होता. सराफाच्या काट्यावर त्यात थोडी घट दिसली तर ती झिजेची. बराच फरक असेल, कडेला जोड दिसत असेल किंवा अंगावर बुडबुड्यांचे खड्डे असतील, तर ओतीव नक्कल समजा.

आता पोपटी ठिपके. तुमच्या भागासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे. गडद हिरवा, घट्ट बसलेला, नखाने न निघणारा थर त्रास देत नाही, तो नाण्याचाच रंग समजा. पण फिकट पोपटी भुकटी काडीने सहज निघत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर तांबं आतून खाल्लं जातंय. हे क्षारांचं काम. तांब्याशी जुळलेलं क्लोराइड ओल मिळाली की आम्ल तयार करतं आणि ते आम्ल पुन्हा तांबं खातं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या, मातीतून निघालेल्या नाण्यांवर मला हे नेहमी दिसतं, म्हणून तुमची शिवराईसुद्धा याच नजरेने तपासा. चिंचेसोबत मीठ चोळणं म्हणजे तेच क्लोराइड आपल्या हाताने भरणं. असं नाणं बोअरच्या पाण्यात बुडवू नका. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, पाणी बदलत काही दिवस बुडवून ठेवा, नीट सुकवा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा. पावसाळा संपल्यावर पुन्हा बघा. नवी भुकटी आली असेल तर हेच परत करा. मातीची ढेकळं पाण्याने मऊ झाली की बाभळीच्या काट्याने हळूच उचलावी, ब्रश किंवा सुई नको. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकीट चांगलं.

शिवराई हाताने पाडलेली असते. तांब्याचा तुकडा ठशाहून लहान असल्याने अक्षरं बाहेर जातात. म्हणून तिथे झिजेइतकंच महत्त्व पूर्ण मजकुराला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींनी आणि पेशवाईतही चालवला, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. तुमच्या फोटोत दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ स्पष्ट आहे, म्हणजे ती दुदांडी, नंतरच्या काळातली आणि पुष्कळ मिळणारी. तरीही अक्षरं सुंदर आहेत, विकायची घाई करू नका.

भावाचं स्पष्ट सांगतो. १८३५ चा पाव आणा फार मोठ्या संख्येने पाडला गेला. झिजलेला शंभर-दोनशेच्या आत जातो, उठाव शाबूत असलेला तपकिरी त्याहून बराच जास्त. लाखाचं स्वप्न दाखवून ‘नोंदणी फी’ मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. असे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात म्हणून बँकेनेच २०२१ च्या ऑगस्टमध्ये सावध केलं होतं. राम-लक्ष्मण-सीतेचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेला तुकडा कुणी दाखवला तर तो कंपनीने पाडलेला नाही.

वावरातल्या नाण्याचं वेगळं. पुन्हा तिथे, किंवा जुन्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या जागी), एकत्र नाणी लागली तर ती वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९३९ मध्ये मंगरूळपीरकडे तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीन (तांबं मिसळलेला हलका मिश्रधातू) नाण्यांचा साठा निघाला. पुराणांत नसलेल्या काही राजांची नावं त्यातूनच कळली, कारण तो साठा एकत्र अभ्यासायला मिळाला. तुम्हाला जिथे शिवराई लागली ती जागा, खोली आणि मातीचा रंग आजच वहीत लिहून ठेवा. चॉकलेटी पाव आण्याचे बाजूच्या उजेडातले, दोन्ही बाजूंचे फोटो वजनासह टाका, मग त्याची स्थिती नक्की सांगतो.