शैली ओळखायची तर कथानक बाजूला ठेव

ठाण्यातच राहतोस, तर १८९३ सालचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे. तिथून ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ‘कोसला’ (१९६३) काढ. दोन्हींत तरुण ‘मी’ बोलतो, म्हणून तुलनेला उत्तम. गोष्ट काय घडते ते सोड. वाक्य कुठे संपतं ते बघ. ‘बनगरवाडी’त व्यंकटेश माडगूळकर दिसेल तेवढंच सांगतात. छोटी वाक्यं, विशेषणं मोजकी, माणदेशी बोली मुख्यतः संवादांत. ‘कोसला’त भालचंद्र नेमाड्यांचा निवेदक पांडुरंग मात्र ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ पेरत जातो. एका परिच्छेदातले हे शब्द पेन्सिलीने कंसात टाक आणि ते गाळून मोठ्याने वाच. माहिती तीच राहते, पण पांडुरंगाचा तो तुटलेपणा निघून जातो. म्हणजे ते शब्द सजावट नव्हेत, ते त्याचं जगाकडे बघणं आहे. मला शैलीत हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

अलंकार, प्रतिमा नंतर बघता येतील. शाळेत त्यांचंच फार कौतुक होतं. सध्या एवढंच कर: दोन्ही पुस्तकांतलं एकेक पान हाताने उतरवून काढ. टायपिंग नको. स्वल्पविराम कुठे येतो, हे हाताला आधी कळतं. पुढच्या बैठकीला ती पानं आण, शेजारी ठेवून वाचू.