रूममेट्सच्या घरकामासाठी अ‍ॅप कसं असावं?
चार मुलं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि कामं वाटून घ्यायला प्रोजेक्ट म्हणून अ‍ॅप करायचंय, असं तुम्ही विचारलंय. नुसते रिमायंडर पाठवणारं नका करू. इंदूरला भंवरकुआमध्ये राहताना आम्ही तेच केलं होतं. आठवड्याभरात चौघांनीही नोटिफिकेशन बंद केली, आणि सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की सगळे पांघरुणात. ओला-सुका वेगळा नसला तर गाडीवाला डबा परत करायचा, तो वेगळाच ताप.

भांडणाचं मूळ आळसापेक्षा 'मीच जास्त करतो' या समजुतीत असतं. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, कुठलं काम तुम्ही किती करता. बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली! म्हणून केलेलं काम सगळ्यांना दिसू द्या. नोंद मात्र जागेवरच व्हावी: कचऱ्याच्या डब्यावर, ओट्याजवळ एनएफसी स्टिकर (फोन जवळ नेला की फोनला वाचता येणारी छोटी चिप असलेला) लावा, फोन टेकवला की नोंद झाली. फॉर्म कोणी भरत नाही. पॉइंट, नंबर वगैरे तर नकोच. आमच्यातला एक जण पहिला येण्यासाठी धुतलेला कुकर पुन्हा धुवायचा, आणि पोह्यांची करपलेली कढई तशीच सिंकमध्ये.