एन्टर दाबला म्हणजे कविता होत नाही

पोरी,

तू पाठवलेल्या चारही कविता वाचल्या, मग परत मोठ्यानं वाचल्या. वादळात तुमची निसवलेली, घड बाहेर आलेली केळीची बाग पडली त्यावरची फार आतून आलीय, पण ती कविता नाहीये गं. रागावू नको, एक करून बघ. सगळ्या ओळी जोडून सरळ एक परिच्छेद कर अन वाच. काही गेलं का त्यातून? मला तर जास्तच भिडलं, केळी घडासकट कशा आडव्या झाल्या, पंचनाम्याला कधी आले, तुझे पप्पा त्या रात्री ताटावरून कसे उठले, सगळं एकामागून एक कळत गेलं. ते गद्य आहे, अन चांगलं गद्य आहे. मग त्याला तोडून तोडून का लिहिलंस?

गद्य म्हणजे खालची पायरी असं तुला कुणी शिकवलं माहीत नाही. १३व्या शतकात ज्ञानेश्वर ओवीत लिहीत होते अन त्याच शतकात महानुभाव पंथाच्या लोकांनी त्यांच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, साध्या गद्यात लिहून ठेवल्या, चक्रधर कुठे बसले काय बोलले सगळं. ज्याला जे लागलं ते त्यानं घेतलं.

ओळ कुठे तुटते ते मला माझ्या आजीच्या जात्यापाशी कळलं. पहाटे कळण्याचं दळण असायचं, ज्वारी-उडदाचं. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं मूठभर दाणे जात्यात वैरायची, अन वैरताना गाणं थांबायचं. जातं फिरायला लागलं की परत सुरू. अक्षरं कमी पडली तर ती शेवटचा शब्द ताणायची, जास्त झाली तर गिळायची, पण फेरा चुकू द्यायची नाही. म्हणजे ओळ श्वासानं अन हातानं ठरत होती, कागद तर घरात नव्हताच. अभंगात ते सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजून होतं, मुक्तछंदात मोजणी नसते तरी श्वास असतोच, तो तुला स्वतःला ऐकू यावा लागतो.

आपली असोद्याची बहिणाबाई बघ ना, लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं आपल्या खानदेशातल्या लेवा गणबोलीत तोंडी रचलेलं. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, अन घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं, पुस्तक आलं १९५२ला, ती १९५१लाच गेली. तिनं आयुष्यात एकदाही ओळ तोडून लिहिली नाही तरी तिची ओळ जिथे संपते तिथेच संपते, तू सगळं सलग लिहून काढलंस तरी जीभ बरोबर तिथेच थांबते.

तुझ्या त्या लिखाणात एक वाक्य आहे, बाग पडल्यावर विहिरीवरून आभाळ केवढं मोठं दिसायला लागलं. तिथे मी थांबलो. नुकसान त्यात कुठेच लिहिलेलं नाही तरी सगळं आहे. ते वाक्य काढून वहीत वेगळं ठेव, त्याला हात लावू नको, चालता-बोलता म्हणत राहा, पुढची ओळ आली तर येईल.

बाकीचं मात्र गद्यात लिही. अन पंचनाम्यापाशी थांबू नको, पडलेली खोडं ओढून बांधावर टाकली तो दिवस पण लिही, कोण कोण आलं होतं, पप्पा काय म्हणाले. लिहून झालं की पाठव, मी वाट बघतोय.