‘रोजची भाकर’ मागूनही जगात इतकी माणसं उपाशी का? ख्रिस्ती लोकांकडे याचं काय उत्तर आहे?

तुम्ही विचारलंय की ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना शतकानुशतकं चाललीय, उपासमार काही हटत नाही, मग ती नुसती पोपटपंची नाही का. मी स्वतः ख्रिस्ती आहे, पण प्रश्नाचा राग येत नाही. रास्तच आहे तो.

फक्त देव देतो की नाही इथून सुरुवात केली की गाडी भलतीकडे जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये साधारण ६७ कोटी लोक उपाशी होते. आणि २०२२ या एका वर्षात घरं, खानावळी, दुकानं मिळून शंभर कोटी टनांहून जास्त अन्न फेकलं गेलं. शेतापासून दुकानापर्यंत येताना नासतं ते यात धरलेलंच नाही. पिकतंय भरपूर. अडतंय मधेच कुठेतरी, आणि ते अडवणारी माणसंच आहेत.

बायबलचा रोखही तिथेच आहे. त्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेतमालकाला सांगितलंय की पीक कडेपर्यंत कापू नकोस, सरवा (कापणीत मागे पडलेली कणसं) वेचू नकोस, मळ्यात गळून पडलेली द्राक्षं उचलू नकोस. ते गरिबाचं आणि परक्याचं. शेतात एखादी पेंढी विसरलास तर ती आणायला परत जाऊ नकोस, असं बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. आधी सगळं घरात भरायचं आणि मग मन मोठं करून पसाभर वाटायचं, असा हा हिशोबच नाही. तेवढा वाटा मालकाच्या खळ्यावर यायलाच नको.

हे प्रत्यक्षात कसं चालायचं ते रूथच्या गोष्टीत दिसतं. मवाबची, म्हणजे परकी, त्यात विधवा; बेथलेहेमच्या शेतात ती कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. शेतमालक बवाज गड्यांना बजावतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली टाका आणि तिला कोणी बोलू नका. संध्याकाळपर्यंत वेचलेलं ती झोडपते, तर एफाभर (हे धान्याचं जुनं माप) सातू निघतात. सासूसुनांना बरेच दिवस पुरतील एवढे. तिला ना रांगेत उभं राहावं लागलं, ना हात पसरावा लागला. (जेवणाचं पाकीट हातात देताना फोटो काढण्याची आपल्या चर्चच्या मंडळ्यांतली हौस बघितली की मला हटकून बवाज आठवतो.)

याची उलट बाजूही बायबलमध्येच आहे, फक्त उपदेशात ती क्वचित निघते. योसेफाने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाची सात वर्षं धान्य साठवलं, दुष्काळात लोक जगवले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा ४७वा अध्याय वाचा. लोकांचा पैसा संपला तेव्हा त्यांनी धान्यासाठी गुरं दिली, मग जमिनी दिल्या, शेवटी स्वतः फारोचे, म्हणजे तिथल्या राजाचे, दास झाले. याजकांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या! जीव वाचले हे खरंच, पण कोठाराची किल्ली एकाच्या हातात असली की मदतीची किंमत काय पडते, तेही तिथेच लिहिलेलं आहे.

जमिनीलाही बायबलमध्ये सरव्यासारखाच नियम आहे. दर सातव्या वर्षी ती पडीक ठेवायची आणि आपोआप उगवेल त्यावर चाकर, परके, गुरं आणि रानातली जनावरंसुद्धा जगतील. मालकाने तिला पिळून घ्यायला मर्यादा आहे, एवढंच मला त्यातून घ्यावंसं वाटतं. आजच्या शेतीशास्त्राची उत्तरं मी त्यात शोधत नाही.

मग चर्चने जेवण वाटणं बंद करायचं का? मुळीच नाही. कैसरियाचा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) धर्मगुरू बेसिल चौथ्या शतकात दुष्काळ पडला तेव्हा व्यासपीठावरून साठेबाजांवर तुटून पडला, आणि त्याच वेळी भुकेल्यांना जेवू घालायची व्यवस्थाही त्याने उभी केली. आम्ही त्यातलं दुसरं काम उचललं, कारण त्यात कोणी दुखावत नाही. पहिल्या कामात देणगीदारच दुखावतात.

प्रार्थना मी सोडलेली नाही. पण ती म्हणणाऱ्याला याकोबाच्या पत्राचा ५वा अध्यायही वाचावा लागतो. तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय, असं तिथे म्हटलंय. अन्न पिकवणाऱ्या, वेचणाऱ्या कितीतरी घरांत आजही पोटभर जेवण नसतं. तुमचा प्रश्न जेवढा देवाला आहे, तेवढाच तो आम्हालाही आहे, असं मी धरतो.