22 महिन्यांचा मुलगा हाकेला वळत नाही, शब्दही बंद झालेत. थांबावं की तपासून घ्यावं?

थांबू नका. हाकेला न वळणं, मोबाइलवर त्याचं गाणं लागलं की मात्र आतल्या खोलीतून धावत येणं, हे सगळं तुम्ही लिहिलंयच. पण मला सगळ्यात खटकलं ते शेवटचं वाक्य: 'पाणी' आणि 'आई' म्हणायचा, ते दोन महिन्यांपासून बंद झालंय. सासूबाई म्हणतात तसे मुलगे उशिरा बोलत असतीलही, पण उशिरा बोलणं वेगळं आणि आलेले शब्द जाणं वेगळं. ह्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात वर्तकनगरला राहतो, मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. निदान झालं तेव्हा तो तीन वर्षं आठ महिन्यांचा होता. पहिली शंका आली तेव्हा दोनचाही नव्हता. मधली पावणेदोन वर्षं वाया गेली त्यात माझा वाटा मोठा, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आम्हाला पहिल्यांदा चकवलं ते शब्दाने. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. स्वमग्न म्हटलं की डोळ्यासमोर कोपऱ्यात बसलेलं, कुणाला जवळ येऊ न देणारं मूल येतं. आमचा तर येताजाता गळ्यात पडायचा, गुदगुल्या केल्या की खिदळायचा, आजीच्या कुशीत झोपायचा. म्हटलं, हा कसला स्वमग्न! हसरं, लाडिक मूलही ऑटिस्टिक असू शकतं, आणि अधूनमधून नजर देतं म्हणून ऑटिझम नाही असंही नसतं, हे फार उशिरा कळलं.

तुम्ही बोलण्याकडे बघताय. त्याच्या बोटाकडे बघा. साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने मागायला लागतं, आणि दीड वर्षापर्यंत नुसतं दाखवायला म्हणूनही बोट करतं: काऊ, विमान, भूभू. ते त्याला नको असतं, तुम्ही बघावं एवढंच हवं असतं, म्हणून बोट करून ते वळून तुमच्या तोंडाकडे बघतं. एका रविवारी आम्ही तलावपाळीला गेलो होतो. बरोबर माझ्या बहिणीची मुलगी, ह्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान. तिने दिसेल त्या होडीकडे बोट केलं आणि दर वेळी मान वळवून आईकडे बघितलं. आमचा मुलगा खाली बसून फुगेवाल्याच्या सायकलचं पेडल फिरवत होता, फुगेवाला कंटाळून निघून जाईपर्यंत. मी कौतुकाने म्हणालो, इंजिनिअर होणार हा. बहीण काहीच बोलली नाही. ती का गप्प बसली ते मला नंतर समजलं.

घरी त्याला बिस्किट हवं असलं की तो माझं मनगट धरून स्वयंपाकघरात ओढत न्यायचा आणि माझा हात उचलून डब्याच्या झाकणावर ठेवायचा. माझ्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता. जणू माझा हात म्हणजे ओट्यावरची सांडशी. आम्ही पाहुण्यांना हे करून दाखवायला लावायचो, केवढा हुशार म्हणून.

गाड्या रांगेत लावणं, हात फडफडवणं, आरतीत झांजा वाजल्या की कान दाबून रडणं, यातलं एखादं पुष्कळ मुलं करतात. एकट्यादुकट्या लक्षणावरून काही ठरत नाही. पण बोट नाही, हाकेला वळणं नाही, बाहुलीला खोटंखोटं भरवणं नाही आणि वर शब्द गेलेले, असं एकत्र दिसलं तर वाट बघण्यात अर्थ नाही. (मुलगी असेल तर आणखी सावध राहा. मुली दुसऱ्यांचं बघून बरंच निभावून नेतात, म्हणून त्यांचं उशिरा लक्षात येतं.)

आम्ही दोन वर्षं झाल्यावर नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तीनपर्यंत बघू. आम्हाला तेच ऐकायचं होतं. शेवटी प्लेग्रुपच्या टीचरने मला दारात थांबवलं आणि म्हणाली, "बाकीची मुलं चित्र काढलं की माझ्याकडे धावत आणतात. हा मला कधीच काही दाखवायला आणत नाही." तिच्याकडे कुठली पदवी होती माहीत नाही, पण एवढं नेमकं आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही काय कराल ते. आधी कान तपासा. गाणं ऐकून पळत येतो म्हणजे कान ठणठणीत, असं धरू नका. काही आवाज ऐकू येतात, काही नाही, असंही असतं. लहान मुलांची 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी झोपेत करतात. आम्ही त्याला सकाळी लवकर उठवून, दुपारी रिक्षात गाणी म्हणत जागं ठेवत नेलं, आणि पलंगावर ठेवल्यावर साहेब टक्क जागे. दोन फेऱ्या झाल्या.

त्याच वेळी बालविकासतज्ज्ञांची, म्हणजे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची वेळ घ्या. एम-चॅट म्हणून हो-नाही उत्तरांची 20 प्रश्नांची यादी असते, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. तुमचा मुलगा बरोबर त्या वयात आहे. पण ती नुसती चाळणी, निदान नव्हे. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. मुलाला खेळताना बघून आणि तुम्हाला खोदूनखोदून विचारूनच ठरवतात, आणि अनुभवी माणूस दोन वर्षांच्या आसपासही खात्रीने सांगू शकतो. तुम्ही घणसोलीच्या, तेव्हा वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र तुम्हाला जवळ. खारघरला निएपिड ह्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही नाव देता येतं. खासगी ठिकाणी तारीख लांबची मिळाली तर ती घेऊन ठेवा आणि तोवर स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा. त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही, आणि पुढे ऑटिझम नाही निघालं तरी ती फुकट जात नाही.

कागदाचं, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचं, नंतर बघता येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्ट ह्या सरकारी संस्थेचा 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा त्या प्रमाणपत्रावरूनच मिळतो. आम्ही शिक्का बसेल म्हणून वर्षभर टाळलं. शिक्का वगैरे काही बसला नाही, थेरपीचे पैसे मात्र खिशातून गेले.

मोबाइल कमी करा, जरूर करा, पण मोबाइलने ऑटिझम झाला असं कुणी सुनावलं तर मनाला लावून घेऊ नका. लसीमुळेही होत नाही; लसीशी ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998 चा तो गाजलेला शोधनिबंध 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. स्टेम सेलने बरा करतो म्हणणारा भेटला तर पाकीट आत ठेवा.

जाण्याआधी घरातले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा: हाक मारताना, खेळताना, काही मागताना. दवाखान्यात मुलं वेगळीच वागतात. आणि सासूबाईंना बरोबर न्या. माझी आई तपासणीला आली ती ठसक्यात सांगायलाच, की ह्याचा बापही चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता, तासन्‌तास पंख्याकडे बघत बसायचा, झाला की नाही नीट! मला वाटलं डॉक्टर हसतील. त्यांनी ते शब्दन्‌शब्द फाइलमध्ये लिहून घेतलं, म्हणाल्या की हे बऱ्याचदा घराण्यात असतं, आणि मग मान वर करून मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.